हुंडाविरोधी रील, भाग पहिला

हुंड्याविरुद्ध रील करायची आणि खलनायक म्हणून बाबांना घ्यायचं, हे मी चहा निवायच्या आत ठरवलं. (क्रांतीला उशीर मला खपत नाही.) रिताशी माझं लग्न ठरत होतं. आमच्या घरी देणंघेणं चालणार नाही, हे तिच्या सानगडीच्या माणसांना आणि जमलंच तर सगळ्या देशाला कळावं, एवढाच साधा हेतू.

बाबा, म्हणजे मनिराम, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकांत जन्मभर खलनायक करत आले. आमच्या अड्याळची लहान मुलं अजून त्यांना बघून घरात पळतात. मी त्यांना एकच वाक्य दिलं होतं : "बुलेट पाहिजे!" त्यावर मी उत्तर देणार, "बाबा, मी विकाऊ नाही!"

बाबांनी मिशीला पीळ दिला. बुलेट मागितली. मग फ्रिज मागितला. मग आमच्या बैठकीवर एक तुच्छ नजर टाकून सोफा मागितला, आणि वर गडगडाटी हसले.

"कट!" मी ओरडलो. "बाबा, एवढं कायले मांगून राहिले?"

"टाळी पडेपर्यंत खलनायक हटत नसते, अमर."

टाळी आईने वाजवली. (घरभेदी!)

आता, लोकांना मिनिटभराच्या पुढे काही बघवत नाही. म्हणून मी रीलचे दोन भाग केले. पहिल्यात बाबांची मागणी, दुसऱ्यात माझा बाणेदार नकार. पहिला भाग साकोलीपासून पवनीपर्यंत घरोघरच्या मोबाइलमध्ये शिरला. दुसरा आईने पाहिला, तोही अर्धा. या देशाला अन्याय बघायला वेळ आहे, त्याचा निषेध ऐकायला नाही!

दुसऱ्याच दिवशी रिताचे वडील, घनश्यामकाका, मुलीला घेऊन दारात हजर.

"सोफा कोन्त्या रंगाचा पाहिजे जी?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

आईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. बाबांनी हात जोडले.

"अजी, नाटक होतं ते! बुलेट ठेवाले अंगणात जागा कुठी हाय? आमाले फक्त पोरगी पाहिजे."

काकांनी बाबांकडे नीट पाहिलं. "पटलं," म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

पटलं? एवढ्यात? आणि मी रात्रंदिवस घसा फोडतोय तो? मी ताबडतोब भाग दुसरा लावला. मोबाइलमध्ये मी छाती काढून गरजलो, "बाबा, मी विकाऊ नाही!"

काकांनी मान हलवली. "बाप अस्सल हाय. पोरगं पाठ करून बोलून राहिलं."

"अन् डोळे पाहा ना बाबा, कसे फिरून राहिले," रिता म्हणाली. "साफ खोटं वाटते."

"मंग? नाही म्हणू काय?"

"काहून? हो म्हणा! खोटं बोलले का तोंडावर लगेच दिसते. असा नवरा बरा."

अख्ख्या रीलमध्ये माझं तेवढं एकच वाक्य खरं होतं! हे ठणकावून सांगायला मी ताडकन उठलो. आईने मागून शर्ट ओढला.

"बस खाली. पोरगी हो म्हणून राहिली ना?"

मी बसलो. पहिल्याच टेकमध्ये.