पसंतीक्रमाची मोहीम आणि तीत झालेला फितवा

ज्यांनी गड घेतले त्यांची दप्तरे भरली, ज्यांनी गड घालवले त्यांचीही भरली. परंतु कॉलेजप्रवेशाचा ऑनलाइन अर्ज ज्यांनी मुदतीत भरला त्यांचा पराक्रम कोणी टिपून ठेवला नाही. हे उणे राहू नये म्हणून जे घडले ते, पदरचे काही न घालता, येथे लिहिले आहे.

सकलगुणालंकृत, दफ्तरनिपुण आत्याबाई यांनी निवृत्त होईतो एकतीस वर्षे एका कॉलेजच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीची ठाणेदारी केली. प्रवेशाचे दिवस आले की रांग जिन्यावरून फाटकापर्यंत जाई आणि डिंक, टाचण्या, साक्षांकित नकला असा सरंजाम घेऊन फौजा येत, आणि बाई एकेक अर्ज उलटून पाहत, आणि एक रकाना कोरा दिसला तरी 'उद्या या' असा हुकूम होई, मग भले भले माघारी फिरत. शिक्का उठवण्यापूर्वी मात्र बाईंचा एक रिवाज होता. उमेदवाराने आपला पसंतीक्रम आपल्या तोंडाने वाचून दाखवावा, मग शिक्का. बापाने भरलेले, मामाने भरलेले कितीएक अर्ज त्या वाचनात पकडले गेले.

बाईंची भाची खारू. तिच्या आईबापांची नोकरी बदलीची, सबब मुलगी सातव्या वर्षापासून आत्यापाशी. तिला दगडांचा नाद. बुटांच्या खोक्यात दगड, खिडकीत दगड, आणि पुढे शिकायचे तेही दगडांचेच शास्त्र. पूर्वी कॉलेज शोधणे म्हणजे शेजारच्या मुलाने जिथे नाव घातले तिथे घालणे. खारूने खुर्चीवरून न उठता चाळीस कॉलेजे पालथी घातली, प्रयोगशाळा पडद्यावर फिरून पाहिल्या, तिथल्या एका मुलीस वसतिगृहातल्या डाळीची खबरही विचारली, आणि रेल्वेने एक दिवस एक रात्र लागेल इतके लांबचे कॉलेज पहिल्या पसंतीस घातले. बाईंचे जुने कॉलेज, घरापासून सात मिनिटांवरचे, पाचवे.

मुदत पाच वाजेतो. दुपारी दोन वाजता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मोर्चे लागले. प्रथम छायाचित्र जड म्हणून नामंजूर जाहले, मग हलके केले तर अंधुक म्हणून नामंजूर जाहले. मग सही मागितली, आणि मुलीस सही म्हणून नव्हतीच. सतरा वर्षांत कधी गरज पडली नव्हती. बाईंनी पाठकोऱ्या कागदावर तासभर तालीम घेतली. मग पडद्यावर अक्षरे उमटली की सध्या गर्दी आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करावा. तो सूर बाईंनी तत्काळ ओळखला. हा आपल्याच गादीचा वारस, असे त्यांनी मनात आणले.

साडेचारास खारू सहीचा फोटो काढण्यास उजेडासाठी गच्चीवर गेली आणि बाई यादीपुढे एकट्या राहिल्या. ह्या यंत्राची रीत अशी की पहिली पसंती मिळाली तर तीच घेणे भाग, आणि सात मिनिटांवरचे कॉलेज मिळणार हे निश्चित. पूर्वी अर्जात फेरफार करावयाचा तर ब्लेडने खरवडावे लागे आणि खूण राही. येथे बोट ठेवून नाव वर सरकवले, आणि पाचवे ते पहिले जाहले, आणि खूण म्हणून राहिली नाही. एकतीस वर्षांच्या चोख कारकिर्दीत हा पहिला फितवा. बाईंनी पदराने पडदा पुसला; तो स्वच्छच होता.

खारू आली, सही चढली, मंजूर जाहली. शेवटी यादीवर कायमचे कुलूप घालण्यासाठी सहा आकड्यांचा परवलीचा क्रमांक बाईंच्या फोनवर आला, कारण अर्जात नंबर त्यांचा. पाचाला आठ मिनिटे उरली. चष्मा चढवून आकडे सांगण्यास तोंड उघडले, आणि एकतीस वर्षांची जीभ, ती मालकिणीचे ऐकेना.

"आधी पसंतीक्रम वाचून दाखव."

"अगं आत्या, पाठ आहे मला. आकडे सांग."

"वाचल्याशिवाय शिक्का नाही."

खारूने वाचावयास घेतले आणि पहिल्याच नावावर थांबली.

"हे वर कसं गेलं?"

"माझ्या बोटानं."

बाईंनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "बघत काय बसलीस? तुझ्या बोटानं खाली ने."

नाव खाली गेले. मुलगी पडद्याकडेच पाहत म्हणाली, "तुला एकटीला करमेल का गं?"

"नाही करमणार. पण तो रकाना अर्जात नाही. घे, चार, शून्य, नऊ..."

पाचाला तीन मिनिटे असता कुलूप पडले.

नवव्या दिवशी यादी लागली आणि लांबचे कॉलेज सर जाहले. खारू दगडांची खोकी बांधू लागली. जड तेवढे मागे ठेवावे असे ठरले, आणि ते बाईंच्या खिडकीत मांडले गेले. पोचपावतीचा कागद छापून आणला, त्यावर यंत्राचा शिक्का आधीच होता. तरी बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे कोणी मागितले नव्हते तिथे, 'तपासले, बरोबर आहे' असे लिहून तारखेसह सही केली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. फितूर सापडला, त्यास माफी जाहली, आणि तीन नंबरची खिडकी बंद करण्यात आली.