एकवीस घरांचा अनुभव

“कागदाचं काम ना? ते माझ्यावर सोडा!” मंगलाने पदर खोचून जाहीर केलं. पालघरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली अख्ख्या कोळीवाड्यात ती एकटी सून!

तिच्या घरात वायरिंग होतं, बटणं होती, होल्डर होता. फक्त वीज नव्हती! मागच्या दारातून तारापूरच्या अणुवीज केंद्राचे दिवे जत्रेसारखे झगमगताना दिसायचे, आणि इकडे रॉकेलच्या धुराने तिची आठ महिन्यांची लेक कमळी खोकून खोकून निळी पडायची. तिचा श्वास न् श्वास मंगला मोजायची.

वायरिंग शेजारच्या दादूकाकांचं. तार त्यांचं नाव ऐकूनच सरळ व्हायची! पण काकांकडे परवाना नव्हता, आणि परवानावाल्याचा शिक्का टेस्ट रिपोर्टवर असल्याशिवाय कनेक्शन नाही. इतकी वर्षं बोईसरचा एक ठेकेदार घर न बघताच शिक्का मारून द्यायचा. नेमकी मंगलाच्या घराची पाळी आली, आणि तो दुकान गुंडाळून गेला.

“मग काकांनाच परवाना मिळवून देऊ!” कमळीला कडेवर घेऊन मंगला विजेच्या ऑफिसात धडकली.

“परवान्याला अनुभव लागतो, बाई,” कारकून म्हणाला. “लेखी.”

लेखी! मंगलाला तेच तर हवं होतं! तिने तीन पानी अर्ज लिहिला. ‘सदर गृहस्थ अत्यंत कुशल असून गेली बारा वर्षे त्यांनी विनापरवाना, परंतु निर्दोषपणे, पुढील एकवीस घरांचे वायरिंग एकहाती केले आहे.’ खाली एकवीस नावं, घर नंबरांसकट.

कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. “बाई, हे तुम्ही स्वतःहून देताय?”

“हो! आणखी माहिती हवी का?”

आठव्या दिवशी जीप आली. साहेबाच्या हातात मंगलाचाच अर्ज! “शिक्का एकाचा, काम दुसऱ्याचं!” असं म्हणत साहेब दारोदार फिरले, आणि हजेरी घेतल्यासारखी एकवीस कनेक्शनं कापली गेली.

“शिकलेली सून आनली न् गावाचा उजेड गेला!” समोरच्या घरातली भागी ओट्यावरून ओरडली. कुणी हसलंसुद्धा नाही.

तिन्हीसांजेला दादूकाका आले. मंगलाला तोंड वर करवेना. “काका, माझं चुकलं...”

“ते ऱ्हाऊ दे गो. काय लिवलंस, ते मला वाचून तरी दाव.”

कच्ची प्रत काढून ती वाचू लागली. ‘अत्यंत कुशल’ला काकांनी हात वर केला. “हे माज्याबद्दल? पुन्ना वाच!”

तिने पुन्हा वाचलं. मग नावं. प्रत्येक नावाला काका एकेक बोट मिटत होते. शेवटी त्यांचा चेहरा पडला.

“अगो, टोकाचं रखमाबायचं घर ऱ्हायलं! तुजं सोडून बावीस हायत! एक कमी पडला, म्हनून परवाना अडला बघ. लिव, लिव लवकर!”

मंगलाने बाहेर पाहिलं. काळोख्या वाड्यात एकट्या रखमाबाईच्या खिडकीत बल्ब जळत होता. मांडीवर कमळी खोकली.

“पेनातली शाई संपलीय, काका,” मंगला म्हणाली. आयुष्यातलं तिचं पहिलं खोटं!

“मग उद्या लिव. पन इसरू नको हां!” काका खुशीत उठले. “परवाना आला का पयला बल्ब आमच्या कमळीचा!”