दत्तूतात्यांच्या सुऱ्यांची म्यानं

रंगाच्या दुकानात शिरण्याआधी दत्तूतात्या खिशातून एक जुना चष्मा काढतात, त्याच्या काचांना खोबरेल तेल चोळतात आणि मग तो डोळ्यांवर चढवून रंग निवडायला लागतात. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत हे आमचे शेजारी.

एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर माणसं देवळाच्या कमिटीत भांडतात. तात्या घरी बसून स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना चामड्याची म्यानं शिवतात. "उघडं पातं घरात नगं," हे त्यांचं पालुपद. एकदा पोह्यांना बोलावलं, तर पोहे राहिले बाजूला आणि तात्या माझ्या सुरीचं माप वर्तमानपत्रावर काढून घेऊन गेले.

एकदा मी त्यांच्याबरोबर रंग आणायला चपलांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार वैतागला होता. "तात्या, तपकिरी घ्या की. समदं कोल्हापूर तपकिरीच घालतंय."

"पायात घालतंय. मला वट्यावर ठेवायचंय. आनि पाण्यातला रंग नगं, स्पिरिटातला दाव."

अर्धा तास झाला तशी मी चिडले. "तात्या, आधी त्या काचा तरी पुसा."

"पुसून काय करू, बाई? डाक्टर म्हनला, तुमच्या मंडळीला तेलकट काचंतनं बघितल्यागत दिसतंय. तिला दिसतंय त्येच मला बघाय पायजे न्हवं?"

काकूंची नजर जाते आहे, हे मला तेव्हा कळलं. मुलगा पुण्याहून सांगत होता, आईला स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका, बाई लावा. ते ऐकून काकू दोन दिवस जेवल्या नव्हत्या. म्हणून, काकूंना ओळखता याव्यात यासाठी, चार सुऱ्यांना चार रंगांची म्यानं. पहिलं लाल म्यान तात्यांनी पाण्यातल्या रंगाने रंगवलं होतं. काकूंच्या ओल्या हाताला तो रंग लागला, आणि बोट कापलं समजून त्या पदरात हात दाबून तासभर बसून राहिल्या. हे सांगताना तात्या हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

गेल्या आठवड्यात वाटी परत द्यायला गेले, तेव्हा काकू कोथिंबीर चिरत होत्या. पिवळं म्यान फिकं पडलं म्हणून तात्या नवा रंग आणायला गेले होते. ओट्यावरची म्यानं बघून मी म्हटलं, "छान दिसतात हो रंग."

काकूंनी सुरी खाली ठेवली. "मला आता समदे सारकेच, बाई. दिवाळीपासनं."

"मग सुरी कशी ओळखता?"

"मुठीवरनं. चाळीस वर्सं ह्याच सुऱ्या हायत की. त्यास्नी सांगू नगा. रंग हुडकत फिरत्यात, तवर त्यास्नी वाटतंय, आपुन कायतरी करतोय. न्हायतर निस्तं माझ्या तोंडाकडं बघत बसतील."

तेवढ्यात तात्या आले. दुकानात रंगवून आणलेला कातड्याचा तुकडा त्यांनी काकूंपुढे धरला. "बघ गं, दिसतोय का?"

"न दिसाय काय झालं? पिवळा लई ठळक हाय."

तुकडा हिरवा होता. पिवळा संपला असावा. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"हाय न्हवं ठळक?" तात्या म्हणाले. "दुकानदार न्हाय म्हनत हुता. मी म्हटलं, पिवळाच दे."

मग ते काकूंच्या शेजारी पाटावर बसले आणि सुईत दोरा ओवायला लागले. तो बराच वेळ ओवला गेला नाही.