जसोदाबाईंनी प्यायलेलं पाणी

"आधी लघवी करून यायची. मग अर्धा लिटर पाणी दहा मिनिटांत संपवायचं आणि पाऊण तास कळ काढायची. रोज. विसरायचं नाही हं, काका."

सुरतेच्या दवाखान्यातल्या रुपा सिस्टरचा हा आवाज दगाआप्पांच्या कानात असा बसला होता, की घरातला माठ दिसला तरी तो ऐकू यायचा. आप्पांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. मशीनवर किरणांचा शेक घ्यायचा होता आणि उशीर परवडणार नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. शेक घेताना लघवीची पिशवी भरलेली लागते, त्याचा घरी सराव व्हावा म्हणून सिस्टरने त्यांच्या मोबाईलवर एक ॲप घालून दिलं होतं. पाणी प्यायलं की एक बटण, कळ काढली की दुसरं. दोन्ही दाबली की पडद्यावर एक हिरवं पान उगवायचं. चौदा पानं झाली की तपासणीची तारीख मिळणार होती.

पहिल्याच सकाळी आप्पांनी तांब्या दूर सारला.

"माले नही जमस इतलं पाणी पेवानं."

"औषध शे असं समजा ना," त्यांच्या पत्नी जसोदाबाई म्हणाल्या.

आप्पांनी थोडा विचार केला. "चाळीस वरीस तू मन्हासाठे उपास करात. मी एक दिन तरी उपाशी ऱ्हायनू का? तरी गुण मालेच उना ना?"

"उना."

"मंग पाणी बी तूच पी. गुण माले येई."

जसोदाबाईंना यात खोट काढता येईना. आप्पांच्या विहिरीला पाणी लागावं म्हणून सोळा सोमवार त्यांनीच केले होते आणि विहिरीने कधी कुरकूर केली नव्हती. त्यांनी देवापुढे आप्पांचं नाव घेऊन संकल्प सोडला आणि तांब्या रिकामा केला. आप्पांनी बटण दाबलं. पाऊण तास बाई पाय जुळवून जपमाळ ओढत बसल्या. आप्पांनी दुसरं बटण दाबलं. पान हिरवं झालं.

"दखं?" आप्पा म्हणाले. "मशीनले बी पटनं."

पाचव्या दिवशी एकादशी आली. बाईंची निर्जळा. नेम मोडायचा नाही आणि पानही चुकवायचं नाही, म्हणून त्यांनी धाकट्या जावेला, भिकुबाईला, हाक मारली. भिकुबाईला शहाद्याची बस गाठायची होती, पण ती मनाची मोठी. "जेठसाठे इतलं तरी करसू ना," म्हणत तिने उभ्या उभ्या तांब्या संपवला आणि बसमध्ये चढली. रस्त्यातल्या खड्ड्यांना तिचा संकल्प ठाऊक नव्हता. पस्तिसाव्या मिनिटाला तिने कंडक्टरच्या हातापाया पडून बस थांबवली आणि उसाच्या शेतातून बाहेर आल्यावर आप्पांना फोन करून माफी मागितली. आप्पांनी उदार मनाने उरलेली दहा मिनिटं सोडून दिली आणि बटण दाबलं.

चौदा पानं एकही खाडा न होता हिरवी झाली. रुपा सिस्टरने आनंदाने व्हिडिओ कॉल केला. "काका, असं कुणालाच जमलं नाही! बाकीच्या पेशंटसाठी दोन शब्द बोलता का? ॲपवर टाकते."

आप्पांनी टोपी नीट केली आणि शाळेतल्या मराठीत सांगितलं, "पाणी पिणे अजिबात अवघड नाही. घरच्यांचे सहकार्य पाहिजे. मला तर आजपर्यंत काडीचाही त्रास झाला नाही."

यातला शब्दन् शब्द खरा होता.

तपासणीच्या दिवशी नवरा-बायको सुरतेला पोहोचले, तेव्हा दवाखान्याच्या बाकांवर आप्पांची कीर्ती आधीच येऊन बसली होती. भिंतीवरच्या टीव्हीत ते सहकार्याबद्दल बोलत होते. एका म्हाताऱ्याने उठून त्यांचे हात धरले. आप्पांनी त्याला आशीर्वाद दिला. बाजूला जसोदाबाई पदराआड बाटली धरून घोट घोट पाणी संपवत होत्या.

पाऊण तासाने आप्पांना आत नेलं. सिस्टरने पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"काका, पिशवी तर रिकामी आहे! पाणी प्यायलात ना?"

आप्पा छताकडे बघू लागले. तेवढ्यात दार ढकलून जसोदाबाई आत आल्या. चेहरा घामाने डबडबलेला, पायाला पाय घट्ट.

"बाई, तठे काय दखतस? मन्ही भरेल शे ना! लवकर करा, आते नही धकस!"

सिस्टरला सगळं कळायला एक मिनिट लागलं आणि तेवढं मिनिट जसोदाबाईंकडे नव्हतं. त्या परत आल्यावर सिस्टर हसू आवरत म्हणाली, "मावशी, पिशवी भरली की आतडी वर सरकतात, त्यांना शेक लागत नाही. तुमची पिशवी काकांची आतडी कशी सरकवणार?" मग तिचा चेहरा गंभीर झाला. "आठ दिवसांनी परत या. तेव्हाही रिकामी असली तर नंबर महिनाभर पुढे जाईल. आणि आजार थांबत नाही, काका."

बाहेर टीव्हीतले आप्पा अजून बोलतच होते. खरे आप्पा टोपी हातात घेऊन त्याच्याखालून निघून गेले.

परतीच्या गाडीने नवापूर गाठलं. मग आप्पा खिडकीकडे बघत म्हणाले, "तांब्या हातमा लिधा का त्या आजारनी याद येस. भेव वाटस. तू पेस तवय वाटे, आजार बी दोन्हीसना शे."

जसोदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"आजार दोन्हीसनाच शे," त्या म्हणाल्या. "पिशवी तुमनी एकलानी शे."

आप्पांनी मान हलवली. "सकायपासून मीच पिसू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा एकादशी होती. भिकुबाई सकाळीच दारात हजर. "आज बस नही शे मन्ही. कोठे शे तांब्या?"

तांब्या जागेवर नव्हता. आप्पाही नव्हते. जसोदाबाईंनी मागच्या दारातून पाहिलं. निर्जळेच्या दिवशी बायकोच्या नजरेस पाणी पडू नये म्हणून आप्पा भरला तांब्या उपरण्याखाली झाकून, एकेक पाऊल जपत, गोठ्यामागे निघाले होते.