म्हात्रे मॅडमच्या टिकल्या

आमच्या म्हात्रे मॅडम कपाळाला टिकली लावत नाहीत, पण अलिबागच्या बाजारातून पाकिटंच्या पाकिटं आणतात. त्या टिकल्या लागतात कॉम्प्युटरच्या पडद्याला. स्कॅन उघडला की कोपऱ्यात सशाचा नंबर दिसतो. मॅडम येण्याआधी त्यावर टिकली चिकटवणं हे माझं काम. रक्तवाहिनी कुठल्या सशाची, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये.

एकदा टिकली सरकली. "अगो, नंबर दिसला ना मला! आता हा उद्या," म्हणत मॅडम डोळे मिटून निघाल्या आणि दारावर आपटल्या.

मी माणगावकडची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. बोलण्याआधी वाक्य मनात जुळवून घेते. मॅडमचं वाक्य तयारच असतं : "परत मोज."

आमचं काम असं. तेलकट खाद्य खाणाऱ्या सशांच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचतो. तो सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआयने मोजायचा. कोणाचं माप खरं, हे कळायला काही ससे मारून रक्तवाहिनीच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. यंत्राचं माप चकतीशी जुळलं, तर उरलेले ससे मारायचे नाहीत, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने कबूल केलं होतं.

मॅडमना सशांचं काही वाटत नसावं, असं मला वाटे. पिंजऱ्यांच्या खोलीत त्या पाऊल ठेवत नसत. कुणी सशाला लाडाचं नाव दिलं की ओरडत, "बारसं तुझ्या घरी कर!"

सोनोग्राफीचा आकडा हात बदलला की बदलायचा. सीटीत थर धूसर दिसायचा. एमआरआय स्वच्छ, पण त्याचं माप दर वेळी चकतीपेक्षा मोठं. मी चाचरत म्हटलं, "मॅडम, हेही चुकतंय. म्हणजे सगळे ससे..."

"जवळा वाळताना बघितलायस?"

"नाही, आमच्याकडे भातशेती. सुकी मासळी बाजारातूनच येते."

"ओला टोपलीभर, सुकला की ओंजळभर. चकती करताना आपण तिच्यातलं पाणी काढतो ना? मग आकसलं कोण गो?"

आम्ही काही तुकडे सुकवण्याआधी आणि नंतर मोजले. तेवढी घट धरली, आणि एमआरआयचं माप जुळलं. मी टाळी वाजवली.

"परत मोज."

परतही जुळलं.

उरलेले ससे न मारायला समितीची मंजुरी आली त्या दुपारी मॅडम जागेवर नव्हत्या. सापडल्या पिंजऱ्यांच्या खोलीत, फरशीवर बसलेल्या, हातात कोथिंबिरीची जुडी.

"तुम्ही, इथे?"

"पहिल्या दिवसापासून यायचं होतं. पण तोंडओळख झाली असती, तर मोजताना हात यांच्याकडे झुकला असता."

एका सशाने जाळीतून नाक काढलं. मॅडमनी जुडी झटकन पाठीमागे लपवली. "नाय रे बाबा, तुझं खाणं ठरलेलं हाय. माप बिघडेल." जुडी माझ्या हातात आली. "चटणी कर."

"मॅडम, पण आता पुढची मापं कोण घेणार?"

"तू. टिकल्या मी लावते." त्यांनी जाळीतून एक बोट आत घातलं. "मी आता यांच्या बाजूची झाले गो."