गाडी कोणासाठी आली?

"शनिवारपर्यंत बैठकीला जाऊन ये, नाहीतर किल्ली टेबलावर ठेव," साहेब म्हणाले. ड्रायव्हरने नुसती मान हलवली. तो हॉस्पिटलची शववाहिनी चालवत असे. गेल्या महिन्यात पिऊन त्याने एक मयत भलत्याच घरी नेलं होतं. दार उघडणाऱ्या आजोबांना त्याने "पायांकडून धरा" असं सांगितलं आणि आजोबांनी धरलंही. मग चादर सरकली.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठका गावात तीन ठिकाणी भरत. पहिली हॉस्पिटलमध्येच, पण तिथे रक्त तपासणाऱ्या बाईंपासून सगळे त्याला ओळखत. दुसरी गावाच्या पार टोकाला. वाटेत चार बार होते. ड्रायव्हर दुसऱ्या बारपर्यंत पोचला. उरली तिसरी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, संध्याकाळी सहाची.

शनिवारी बायकोने विचारलं, "आज तरी जाणार ना?"

"आठपर्यंत ड्यूटी आहे."

"मग गाडी घेऊन जा. तुमच्या गिऱ्हाइकांना कसली घाई?"

"लोक काय म्हणतील?"

"आत्ता काय म्हणतात ते सांगू?" ती म्हणाली. "आणि किल्ली गेली तर मी माहेरी वगैरे जाणार नाही. तुम्हीच कुठे जायचं ते बघून ठेवा."

तो रिकामी गाडी घेऊन गेला. गाडी लावायला वाचनालयाच्या दाराशीच तेवढी जागा होती. जिना चढताना तो एकच वाक्य घोकत होता: मला दारूचा त्रास आहे. वरून कोणीतरी खिडकीतून डोकावून दारातली शववाहिनी पाहिली, खुर्च्या सरकल्या आणि बैठकीचे सेक्रेटरी धावत जिन्यात आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"शिंपी का हो?"

शिंपी कोण, हे ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं. पण रडवेला चेहरा समोर आला की मान खाली घालून हात जोडायचे, ही त्याची बारा वर्षांची सवय. त्याने मान खाली घातली. हात जोडले.

"गेला!" सेक्रेटरी आत वळून ओरडले. "आपला शिंपी गेला!"

चार दिवस शिंपी बैठकीला आला नव्हता. का आला नव्हता, ते सगळ्यांना माहीत होतं. ड्रायव्हरला खुर्चीत बसवून हातात चहा देण्यात आला.

"परवा त्याचा फोन आला होता," निवृत्त नर्सबाई म्हणाल्या. "मी मालिका बघत होते. म्हटलं, नंतर करू."

"मलाही आला होता," प्लंबर म्हणाला.

हळूहळू कळलं, की शिंप्याने तिथल्या सहाही जणांना फोन केला होता.

"अहो, एक मिनिट, मी..." ड्रायव्हर म्हणाला.

"तुम्ही चहा घ्या. तुम्हाला काय, रोजचंच आहे," प्लंबर म्हणाला.

"घरचं कोणी आहे का गाडीत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"गाडीत कोणीच नाहीये."

"म्हणजे एकटाच आहे तो खाली!" नर्सबाईंनी हुंदका दिला आणि उठल्या. मागोमाग सगळे उठले. चहाचा कप कुठे ठेवावा हे न सुचल्यामुळे ड्रायव्हर तो हातात घेऊनच सगळ्यांच्या मागून उतरला. गाडी रिकामी दिसली की आपोआप उलगडा होईल, बोलावं लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

सेक्रेटरींनी मागचं दार ओढलं.

स्ट्रेचरवर एक बारीकसा माणूस उताणा पडला होता. एका पायात चप्पल, तोंड उघडं.

"अरेरे," सेक्रेटरी म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

ड्रायव्हरच्या हातातला कप खाली पडला. सकाळपासूनचा एकेक तास तो मनात तपासू लागला. घरातून निघालो. गाडी धुतली. दुपारी एक मयत पोचवलं. मग? आज प्यायलो नाही, असं त्याला वाटत होतं. पण असं त्याला त्या आजोबांच्या दारातही वाटलं होतं.

"याला मी कुठून उचललं?" तो म्हणाला. "मला आठवत नाही हो. मी पितो. रोज पितो. मग काय केलं ते मला आठवत नाही. आज नाही प्यायलो, देवाशपथ नाही... पण हा कोण आहे?"

"दार लावा," मयत म्हणालं. "उजेड येतोय डोळ्यांवर."

नर्सबाईंनी आधी शिंप्याची नाडी बघितली आणि मग त्याच्या थोबाडीत दिली.

"जिना चढवेना," शिंपी जड जिभेने म्हणाला. "ही उघडी होती. म्हटलं, पाच मिनिटं पडू."

"अरे, या गाडीत?"

"बाकी कोण घेतंय मला?"

शिंप्याला वर नेणं शक्य नव्हतं आणि त्याला सोडून वर जायला कोणी तयार नव्हतं. शेवटी सेक्रेटरी वाकून आत शिरले आणि नातेवाइकांच्या बाकावर बसले. मग दोन्ही बाकांवर सगळे दाटीवाटीने बसले, मध्ये शिंपी.

"नवीन कोणी आहे का?" सेक्रेटरींनी रोजच्या सवयीने विचारलं, ड्रायव्हरकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं बोलून झालंय म्हणा. बसा. सरका रे जरा."

सात वाजता ड्रायव्हरचा फोन वाजला. साहेब होते.

"कुठे आहेस?"

"बैठकीत."

"असं? बरं, वॉर्डातून एक न्यायचंय. गाडी रिकामी आहे ना?"

ड्रायव्हरने मान वळवून पाहिलं. नर्सबाईंनी शिंप्याचा हात धरून ठेवला होता. प्लंबर खाली बघून रडत होता.

"नाही साहेब. आठ जण आहेत."

"आठ?" साहेबांचा आवाज चढला. "अरे, झालं काय? सगळे गेले?"

"नाही," ड्रायव्हर म्हणाला. "आत्तापर्यंत तरी कोणी नाही."