पाटणकर काकांचा ऑइलकॅन

"फाटक आता वाजतच नाही हो! रात्री कोण किती वाजता येतं, कळायला मार्ग नाही."

"मग घंटा बांधा," पाटणकर काका गोखले काकूंना म्हणाले, "तेल घातलंय मी, आता फाटक कुरकुरणार नाही."

मी जिन्यातच थांबले. रात्री उशिरा येणारी मीच होते.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत काहीही कुरकुरलं की काका ऑइलकॅन घेऊन हजर. बोलावण्याची वाट बघत नाहीत. एका बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या आणि काका पाळण्याच्या कड्यांना तेल घालत होते. "मशीन तक्रार करत नाही, सांगतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तक्रार माणसं करतात."

काका कारखान्यात लेथ चालवणारे टर्नर होते. कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली तेव्हा त्यांना व्हीआरएस घ्यावी लागली. पुढे कारखानाच बंद पडला आणि त्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली. मी तिथेच सॉफ्टवेअरमध्ये आहे. हे कळल्यापासून काका मला जिन्यात गाठतात.

"काय, आमच्या कंपनीत काय चाललंय?"

मी मुळात कमी बोलते. त्यात शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी वाक्य आधी मनात जुळवावं लागतं.

"काम खूप आहे."

"आमच्या टर्निंग शॉपमध्ये काय आहे आता?"

"कॅन्टीन. पास्ता वगैरे मिळतो."

"जमिनीवर तेलाचे डाग होते."

"टाइल्स आहेत, काका."

"मग खाली असतील," ते म्हणाले.

नवरात्रात एकदा स्वतःच सांगू लागले, "काल कंपनीपर्यंत जाऊन आलो. वॉचमन म्हणाला, लिफ्टचं काम मागच्या दाराने!" खूप हसले. "हातात ऑइलकॅन होता ना."

मग ऑइलकॅनचं तोंड रुमालाने पुसत राहिले.

"खंडेनवमीला मशिनांची पूजा असायची. त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. आमची ही दरवर्षी नवी साडी नेसून यायची, माझ्या मशीनला कुंकू लावायची. आधी मशीन गेलं, मग ही गेली. ती जागा तरी एकदा बघावी म्हटलं."

आमच्या ऑफिसातही खंडेनवमीला लॅपटॉपवर झेंडू वाहतात. घरच्यांनाही बोलावतात. माझे आई-बाबा नागपूरला. त्या दिवशी सगळ्यांच्या घरच्यांचे फोटो मीच काढून देते.

काका जिना चढू लागले होते. मी वाक्य मनात जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं.

"काका, उद्या खंडेनवमी आहे. माझ्या घरचे म्हणून तुम्ही चला. आणि ऑइलकॅन घ्या, कॅन्टीनचं दार कुरकुरतं."